कामगारांचे वकील काका बाप्टिस्टा : माझगावपासून जिनिव्हापर्यंत

दरवर्षी १ मे हा दिवस आपल्यासाठी तिहेरी महत्त्वाचा असतो. तो महाराष्ट्र दिन आहे, जगभरच्या श्रमिकांचा कामगार दिन आहे आणि पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे श्रमिक संत योसेफ यांचा सणही आहे. या दिवसाच्या निमित्ताने आम्ही वाचकांना संत योसेफाचेच नाव धारण केलेल्या एका महाराष्ट्रीय ख्रिस्ती पुरुषाची ओळख करून देऊ इच्छितो. ते म्हणजे बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा. उभा महाराष्ट्र त्यांना प्रेमाने काका बाप्टिस्टा म्हणत असे.

काकांचे नाव नाशिककरांनी ऐकले असेल तर ते बहुधा १९१० च्या नाशिक खटल्यातील बचाव पक्षाचे वकील म्हणून. इतरत्र लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि होमरूल चळवळीचे धुरीण म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परंतु त्यांच्या जीवनाचा तिसरा पैलू, म्हणजे हिंदी कामगाराचा आवाज आंतरराष्ट्रीय परिषदेत पोहोचविणारा प्रतिनिधी, हा बराचसा विस्मृतीत गेला आहे. प्रस्तुत लेखात आमचा भर या तिसऱ्या पैलूवर आहे. कारण आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, अपघाताची भरपाई या ज्या गोष्टी आज आपण गृहीत धरतो त्या आपोआप आलेल्या नाहीत. त्यांची वाट माझगाव, परळ, झरिया आणि जिनिव्हा अशी दूरवरून आलेली आहे.

बालपण आणि शिक्षण

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगाव येथे झाला. त्यांचे वडील मूळचे भाईंदरजवळील उत्तनचे. मुंबई, साष्टी व वसईच्या परिसरात शतकानुशतके वास्तव्य करून असलेला आणि मराठीच बोलणारा जो ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आहे, त्यातील हे घराणे होते. माझगावची माथारपाखाडी ही या समाजाची जुनी वस्ती. तिच्या अरुंद गल्ल्या व लाकडी सज्जांची घरे आजही पाहावयास मिळतात.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत प्रारंभिक शिक्षण घेऊन जोसेफ पुण्यास गेले. तेथील सायन्स कॉलेजातील शिक्षणानंतर काही काळ त्यांनी जंगल खात्यात नोकरी केली. परंतु सुरक्षित सरकारी नोकरीत त्यांचे मन रमले नाही. पुढे ते इंग्लंडला गेले, केंब्रिज विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र व कायद्याचा अभ्यास केला आणि बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. इंग्लंडमधील वास्तव्यात आयर्लंडच्या स्वशासनाच्या चळवळीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. बहुसंख्येने कॅथोलिक असलेला एक लहान देश बलाढ्य साम्राज्याकडे सनदशीर मार्गाने आपले हक्क मागतो आहे, हे दृश्य या तरुण कॅथोलिक बॅरिस्टरला बरेच काही शिकवून गेले असल्यास नवल नाही.

परतल्यानंतर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, कायद्याच्या महाविद्यालयात अध्यापन केले आणि १९०१ पासून मुंबई महापालिकेत लोकप्रतिनिधी म्हणून काम करण्यास प्रारंभ केला. प्लेगने त्या काळी मुंबईचे कंबरडे मोडले होते. गिरणगावातील चाळी, त्यांतील कोंदट खोल्या, एकेका नळावर लागणाऱ्या रांगा हे सर्व त्यांनी नगरसेवक या नात्याने जवळून पाहिले. कामगारांचे प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम आले ते असे, नगराच्या प्रश्नांच्या रूपाने.

नाशिकचा खटला

१९०८ च्या जून महिन्यात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. या खटल्यात काकांनी टिळकांना कायद्याचे साहाय्य केले. २२ जुलैला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस असा सहा दिवसांचा संप केला. कोणतीही मोठी संघटना पाठीशी नसताना हजारो कामगार गिरण्यांबाहेर पडले. राजकीय हक्क आणि भाकरीचा हक्क हे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, याची ती साक्ष होती.

पुढच्याच वर्षी, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा खून झाला. हत्या करणाऱ्यांवर स्वतंत्र खटला चालून तिघांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यानंतर नाशिक कट म्हणून प्रसिद्ध असलेला खटला मुंबईत तीन न्यायमूर्तींच्या विशेष न्यायासनापुढे उभा राहिला. ३८ आरोपींमध्ये भगूरचे विनायक दामोदर सावरकर हे प्रमुख होते. त्यांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले त्यांत जोसेफ बाप्टिस्टा होते. जुलै १९१० मध्ये मार्सेय बंदरात जहाजातून उडी घेऊन सावरकर फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले होते आणि तेथे त्यांना पुन्हा पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन करण्यात आले होते. ही अटक कायदेशीर होती काय, हा प्रश्न ब्रिटन व फ्रान्स यांच्यात निर्माण होऊन हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला.

या घटनेतील एक बारकावा पुढील कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. हेगच्या लवादापुढे दोनच पक्ष होते, ब्रिटन सरकार आणि फ्रान्स सरकार. ज्या माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, त्यास तेथे स्थान नव्हते. लवादाचा निर्णय येण्यापूर्वीच, २३ डिसेंबर १९१० रोजी मुंबईच्या न्यायासनाने सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला. आंतरराष्ट्रीय न्याय हा तोवर केवळ सरकारांमधील व्यवहार होता. सामान्य माणसाला त्यात खुर्ची नव्हती. ती खुर्ची मिळण्यास आणखी आठ वर्षे आणि एक महायुद्ध जावे लागले.

होमरूल आणि मजूर पक्षाशी स्नेह

मंडालेहून परतल्यावर लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली. तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे न घेता काका बाप्टिस्टा यांच्याकडे सोपविले आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. एका ख्रिस्ती बॅरिस्टरच्या हाती टिळकांनी आपल्या चळवळीचे अध्यक्षपद दिले, ही गोष्ट त्या काळच्या महाराष्ट्राच्या उदार मनाची तशीच काकांच्या योग्यतेची द्योतक आहे.

१९१७ मध्ये लीगचे प्रतिनिधी म्हणून काका इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी मुख्यतः ब्रिटिश मजूर पक्ष आणि कामगार संघटना यांच्यापुढे हिंदुस्थानची बाजू मांडली. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. हिंदुस्थानातील मजूर जोपर्यंत अत्यल्प वेतनावर बारा-बारा तास राबतो, तोपर्यंत लँकेशायरच्या कामगाराचे वेतनही सुरक्षित राहणार नाही. म्हणून हिंदी कामगाराचा प्रश्न हा ब्रिटिश कामगाराच्या दयेचा नसून त्याच्या हिताचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य हे परोपकारावर टिकत नाही, परस्परहितावर टिकते, ही जाण काकांच्या पुढील सर्व कार्यात दिसून येते.

वॉशिंग्टनची परिषद

पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. त्याच्या तेराव्या भागाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अस्तित्वात आली. सामाजिक न्यायावाचून चिरस्थायी शांतता शक्य नाही आणि श्रम ही केवळ बाजारातील वस्तू मानता कामा नये, ही तत्त्वे या तहाने मान्य केली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये रेरुम नोवारुम या परिपत्रकातून न्याय्य मजुरीचा व कामगारांच्या संघटनेचा जो पुरस्कार केला होता, त्याच्याशी या तत्त्वांचे साम्य आपल्या वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

या संघटनेचे वेगळेपण तिच्या रचनेत होते. प्रत्येक देशाकडून चार प्रतिनिधी : दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. कामगार प्रतिनिधी सरकारच्या विरोधातही मत देऊ शकत असे. हेगला जी खुर्ची नव्हती ती येथे प्रथमच ठेवली गेली. हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही संघटनेचा मूळ सभासद होता. म्हणजे ज्या देशाला स्वतःची संसद नव्हती त्या देशातील मजुराला जागतिक परिषदेत मात्र एक मत मिळाले.

पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ पासून वॉशिंग्टन येथे भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक नारायण मल्हार जोशी यांची नेमणूक केली आणि मद्रासचे बी. पी. वाडिया त्यांच्यासमवेत सल्लागार म्हणून होते. परिषदेने दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांचा करार संमत केला. हिंदुस्थानासाठी मात्र त्यात वेगळे कलम घालण्यात आले आणि आठवड्याची मर्यादा साठ तासांची ठरली. हवामान, कामाच्या सवयी, उद्योगांची बाल्यावस्था अशी कारणे देण्यात आली. साठ तास हीसुद्धा सुधारणाच होती, कारण १९११ च्या कायद्यानुसार कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसास बारा तास काम करावे लागे. तरीही हिंदी मजुराचे शरीर युरोपीय मजुराहून आठवड्यात बारा तास अधिक राबण्यासाठी घडलेले आहे, असा जो अर्थ त्या कलमातून निघत होता तो बोचणारा होता.

आणखी एक प्रश्न होता. तहाप्रमाणे कामगार प्रतिनिधी हा देशातील सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनांच्या संमतीने निवडावयाचा. पण देशव्यापी अशी संघटनाच नसेल तर संमती कोणाची घ्यावयाची? जोशी यांची योग्यता वादातीत होती. तरी त्यांची निवड सरकारने केली होती. खुर्ची मिळाली होती, तिच्यावर कोणास बसवावे हे ठरविण्याचा अधिकार कामगारांनी अजून कमवावयाचा होता.

आयटकची स्थापना आणि झरिया

हा अधिकार मिळविण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजेच आयटक, स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि स्वागत समितीची धुरा काका बाप्टिस्टा यांच्याकडे होती. लोकमान्यांचे देहावसान होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. वॉशिंग्टनच्या परिषदेने हिंदुस्थानातील कामगारांना एकत्र येण्याचे एक तातडीचे कारण पुरविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हा पहिला प्रत्यक्ष परिणाम आमच्या मते कोणत्याही करारापेक्षा अधिक मोलाचा होता.

काकांचे कामगारविषयक विचार या काळात स्पष्ट झाले. रशियातील क्रांतीचे वारे सर्वत्र वाहत होते. काकांना तो मार्ग मान्य नव्हता, तशीच मालकाला सर्वाधिकार देणारी अनिर्बंध व्यक्तिवादी व्यवस्थाही मान्य नव्हती. इंग्लंडमधील फेबियन समाजवाद्यांच्या सावकाश परंतु कायद्याने होणाऱ्या सुधारणेकडे त्यांचा कल होता. मालक आणि मजूर हे श्रमाचे गिऱ्हाईक व विक्रेते नसून एकाच उद्योगाचे भागीदार आहेत, असे ते मांडीत. त्यांच्या या भागीदारीच्या कल्पनेवर पुढे डाव्या विचारांच्या मंडळींनी मवाळपणाचा शिक्का मारला. परंतु भागीदार म्हटले की हिशेब मागण्याचा हक्क येतो आणि हा हक्क काकांनी कधी सोडला नाही.

याचा प्रत्यय वर्षभरातच आला. आयटकचे दुसरे अधिवेशन १९२१ च्या नोव्हेंबरअखेर कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे भरले आणि त्याचे अध्यक्ष काका होते. खाणमालक धास्तावले होते. खाणकामगारांच्या एवढ्या मोठ्या मेळाव्याने गोंधळ माजेल अशी भीती त्यांनी सरकारपुढे व्यक्त केली होती. प्रत्यक्षात हजारो खाणकामगार शांतपणे जमले. त्या काळी खाणींत जमिनीखाली स्त्रियाही कोळसा उचलीत आणि कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा नव्हती. मुंबईच्या मराठी बॅरिस्टरने बिहारमधील आदिवासी व दलित खाणमजुरांच्या सभेचे अध्यक्षस्थान भूषवावे, ही घटनाच देशातील कामगार एक होत असल्याची खूण होती. १९२३ च्या खाण कायद्याने आठवड्यास जमिनीवर साठ व जमिनीखाली चोपन्न तासांची मर्यादा घातली आणि तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामास ठेवण्यास बंदी केली.

जिनिव्हा, १९२४

१९२४ हे वर्ष मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कठीण गेले. गेली काही वर्षे मिळत आलेला बोनस मालकांनी बंद केला आणि जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. काका कामगारांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायद्याने बजावून घेता येईल असा बोनसचा हक्क कामगारांना नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. मार्चमध्ये संप मिटला तो कामगारांच्या पराभवाने. ज्या हक्काला कायद्याचा आधार नाही तो हक्क उपासमारीपुढे टिकत नाही, हा धडा गिरणगावाने पोटाला चिमटा घेऊन शिकला.

त्याच वर्षी जूनमध्ये काका बाप्टिस्टा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेच्या सहाव्या अधिवेशनास गेले. १६ जून ते ५ जुलै असे हे अधिवेशन चालले. परिषदेपुढील विषय पाहिले तर गिरणगावापासून ते फार दूर वाटतील : कामगारांच्या फावल्या वेळाचा सदुपयोग, बेकऱ्यांतील रात्रपाळी, काचकारखान्यांतील साप्ताहिक विश्रांती आणि परदेशी कामगारास अपघात झाल्यास त्याला स्थानिक कामगाराइतकीच भरपाई. परंतु थोडा विचार केला असता यांतील प्रत्येक विषय आपल्याच घरचा असल्याचे दिसून येते. दहा फुटांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या बदली कामगाराला फावला वेळ म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. पोटासाठी समुद्रापार गेलेल्या हिंदी मजुराचा हात यंत्रात गेला तर त्याच्या घरी कोण पाहणार, हा प्रश्न कोकणापासून तामिळनाडूपर्यंतच्या गावांना परिचित होता.

समान भरपाईचा करार पुढील वर्षी, १९२५ मध्ये, अंतिम रूपात संमत झाला आणि हिंदुस्थानने १९२७ मध्ये त्यास मान्यता दिली. येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. काका जिनिव्हाच्या सभागृहात बसलेले असतानाच, १ जुलै १९२४ रोजी, हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाई कायदा अमलात आला. १९२३ मध्ये संमत झालेल्या या कायद्याने कामावर असताना मृत्यू वा अपंगत्व आल्यास मालकाने भरपाई देणे बंधनकारक केले. त्यापूर्वी अपघात म्हणजे नशिबाचा भाग मानला जाई. त्या दिवसापासून तो कायद्याचा विषय झाला.

अखेरची वर्षे

१९२५ मध्ये काका मुंबई महापालिकेचे अध्यक्ष निवडले गेले. आजच्या भाषेत त्या पदास महापौर म्हणतात. १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला आणि संघटना बांधणे हा गुन्हेगारी कट ठरण्याचा धोका नोंदणीकृत संघटनांपुरता दूर झाला. त्या कायद्यासाठी ना. म. जोशी यांनी १९२१ पासून कायदेमंडळात पाठपुरावा केला होता. काकांच्या पिढीचे एक मोठे स्वप्न पूर्ण झाले.

त्यानंतरची वर्षे मात्र फुटीची होती. १९२९ च्या अखेरीस आयटकच्या नागपूर अधिवेशनात जे तट पडले, त्यामागील एक कारण जिनिव्हाच्या परिषदेत प्रतिनिधी पाठवावेत की नाही हेच होते. परकीय सरकारच्या छायेखाली भरणाऱ्या परिषदेत जाऊन काय साधणार, असा एका पक्षाचा प्रश्न होता. ना. म. जोशी प्रभृतींनी वेगळी चूल मांडली आणि फुटलेले पक्ष पुन्हा एकत्र येण्यास दहा वर्षे लागली. या फुटीनंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १८ सप्टेंबर १९३० रोजी काका बाप्टिस्टा यांनी इहलोकीची यात्रा संपविली. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

कागदावरचा करार आणि कामाचा दिवस

जिनिव्हाला जाणे योग्य होते की व्यर्थ? नागपूरला विचारला गेलेला हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर भावनेने न देता घडलेल्या गोष्टींवरून द्यावयास हवे.

प्रथम निराशेची बाजू पाहू. हिंदुस्थान सरकारने वॉशिंग्टनच्या सहा करारांपैकी चार १४ जुलै १९२१ रोजी मान्य केले. त्यांत बेकारीविषयीचाही करार होता. काम शोधणाऱ्यांसाठी सरकारने विनामूल्य रोजगार केंद्रे चालवावीत असे त्यात म्हटले होते. ती केंद्रे उघडली गेली नाहीत आणि १९३८ मध्ये सरकार त्या करारातून चक्क बाहेर पडले. देशभरात रोजगार केंद्रांची व्यवस्था उभी राहण्यास १९४५ साल उजाडले आणि तीही प्रथमतः युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. साठ तासांच्या मर्यादेचेही तसेच. कारखान्यांसाठी ती १९२२ च्या सुधारित कायद्याने आली, पण रेल्वे कामगारांना त्यासाठी १९३० पर्यंत थांबावे लागले. आपल्या जिल्ह्यातील इगतपुरी व मनमाड ही तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेची महत्त्वाची ठाणी. तेथील कामगारांच्या दृष्टीने वॉशिंग्टनचा करार नऊ वर्षे कागदावरच राहिला. ज्यांचे काम अधूनमधून चालते असे मानले गेले त्यांची मर्यादा तर आठवड्यास चौऱ्याऐंशी तास ठरली.

आता दुसरी बाजू. करार कागदावर होता म्हणूनच तो सरकारपुढे ठेवता येत होता. कायदेमंडळात जोशी, सभांमधून काका आणि त्यांचे सहकारी पुन्हा पुन्हा हाच कागद पुढे करीत. दरवर्षी जिनिव्हाला सरकारी प्रतिनिधीस जगापुढे उत्तर द्यावे लागे. १९३४ च्या कायद्याने कारखान्यांतील आठवडा साठावरून चोपन्न तासांवर आला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले आणि पुढे १९४२ ते १९४६ या काळात तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे प्रमुख झाले. सरकार, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय श्रम परिषद याच काळात देशात रुजली. जिनिव्हाची ती तीन खुर्च्यांची रचना अशा रीतीने घरी आली. १९४६ मध्ये कारखान्यांतील आठवडा अखेर अठ्ठेचाळीस तासांचा झाला.

१९१९ ते १९४६ म्हणजे सत्तावीस वर्षे. युरोपच्या कामगाराला जे तत्त्वतः एका परिषदेत देऊ केले गेले, त्यासाठी हिंदी कामगाराची एक संपूर्ण पिढी खर्ची पडली. काका त्या प्रवासाच्या मध्यावरच गेले. त्यांच्या हयातीत अठ्ठेचाळीस तास आले नाहीत. परंतु आंतरराष्ट्रीय करार हा चेकसारखा असतो आणि तो वटविण्यासाठी देशात संघटित कामगार व देशी कायदा हे दोन्ही लागतात, हे ज्यांनी ओळखले त्यांत काका अग्रणी होते. म्हणूनच ते जिनिव्हालाही गेले आणि झरियालाही. यांपैकी एकच प्रवास त्यांनी केला असता तर तो अपुरा ठरला असता.

आजच्या नाशिकमध्ये

हा हिशेब अजून मिटलेला नाही. वॉशिंग्टनला १९१९ मध्ये उद्योगांतील बालकामगारांविषयी जो करार झाला, तो भारताने सप्टेंबर १९५५ मध्ये मान्य केला आणि बालमजुरीविषयीचे दोन मूलभूत करार २०१७ मध्ये. रोजगार धोरणाविषयीचा १९६४ चा करार भारताने १९९८ मध्ये स्वीकारला. संघटना स्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटी यांविषयीचे १९४८ व १९४९ चे करार मात्र भारताने अद्याप स्वीकारलेले नाहीत. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला आहे. २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना लिओ तेरावे यांच्या कामगारविषयक शिकवणीचे स्मरण केले आणि यंत्रबुद्धीच्या युगात मानवी श्रमाच्या प्रतिष्ठेकडे जगाचे लक्ष वेधले.

सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कायम कामगाराच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार उभा असतो. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे द्राक्षहंगामात दिंडोरी व निफाडकडे मजुरीसाठी उतरतात. या बागांतील द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात, तेव्हा फळावरील औषधाच्या अंशाची काटेकोर तपासणी होते. फळ तोडणाऱ्या हातांच्या कामाच्या तासांची, त्यांना मिळणाऱ्या मजुरीची आणि अपघात झाल्यास भरपाईची चौकशी तितक्याच काटेकोरपणे व्हावी, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये. हा प्रश्न काकांना परका वाटला नसता. लँकेशायर आणि परळ यांचा संबंध ज्याने शंभर वर्षांपूर्वी जोडून दाखविला, त्याला दिंडोरी आणि रॉटरडॅम यांचा संबंध समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

आपल्या हाती काय आहे? असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ई-श्रम ही विनामूल्य व्यवस्था सुरू केली. आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुणांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर तासभर बसून आपल्या परिसरातील मजूर बंधुभगिनींची नोंदणी करून दिली, किमान वेतनाचा चालू दर त्यांना वाचून दाखविला, ठेकेदाराकडून हजेरीची नोंद व मजुरीची चिठ्ठी मागून घ्यावयास सांगितले, तर ते लहान काम नव्हे. नाव नोंदलेले नसेल तर कोणताही कायदा माणसापर्यंत पोहोचत नाही.

काका बाप्टिस्टा यांनी बॅरिस्टरच्या झग्यात, नगरसेवकाच्या बाकावर आणि जिनिव्हाच्या सभागृहात एकच वकिली केली. जो स्वतः उपस्थित राहू शकत नाही, त्याच्यासाठी खुर्ची मागून घेण्याची ती वकिली होती. श्रमिक संत योसेफाच्या सणाच्या दिवशी त्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभो अशी प्रार्थना आपण करूच. त्यासोबतच आपल्या दारी, आपल्या शेतात आणि आपल्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला बसावयास खुर्ची आहे की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती आहे.